जुनं ॲपलेट चालवायचंय? आधी हे वाच

अरे भावा, जुनं पेज चालत नाही म्हणून ब्राउझर चार वेळा अनइन्स्टॉल-इन्स्टॉल करून काही होणार नाहीये, तुझ्या सेटिंगमधे चूक नाहीच मुळी. ते पेज जावा ॲपलेट (पेजच्या आत चालणारा छोटा जावा प्रोग्राम) मागतंय आणि ॲपलेट चालायला जो प्लगइन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचा तुकडा, लागायचा तो आता क्रोम घेतच नाही. नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळापासून असे प्लगइन जोडायची एनपीएपीआय नावाची सोय होती, तिच्यातून फ्लॅश, जावा, सिल्वरलाइट सगळे ब्राउझरच्या आत घुसून चालायचे, पण घुसायचे म्हणजे कसे, तर थेट कॉम्प्युटरवर हात मारायची मुभा घेऊनच, त्यामुळे एक भोक पडलं की अख्खं मशीन उघडं. क्रोमने २०१५ ला ते काढून टाकलं, फायरफॉक्सने २०१७ ला (फ्लॅश तेवढा ठेवला होता, तोही २०२१ च्या जानेवारीत गेला).

आता तू काय कर, पेजवर राइट क्लिक मारून सोर्स बघ. ऑब्जेक्ट किंवा एम्बेड टॅगमधे फाइलच्या नावाशेवटी .एसडब्ल्यूएफ (.swf) दिसलं तर फ्लॅश, मग रफल (Ruffle) टाक, ब्राउझरचं एक्स्टेन्शन आहे, जुने गेम बऱ्यापैकी चालतात. ॲपलेट टॅग असेल तर चीर्पजे (CheerpJ) बघ, तो जावा वेबअसेम्ब्लीवर, म्हणजे ब्राउझरमधेच असलेल्या सोयीवर, प्लगइनशिवाय चालवतो. ॲक्टिव्हएक्स (इंटरनेट एक्सप्लोररसाठीची मायक्रोसॉफ्टची तशीच जुनी सोय) असेल तर विंडोजवर एज ब्राउझरचा आयई, म्हणजे इंटरनेट एक्सप्लोरर, मोड, दुसरं काही नाही.

आणि हो, कुठल्यातरी साइटवरून "फ्लॅश प्लेयर लेटेस्ट" डाउनलोड करू नकोस हां, मी केलेलं, दोन दिवस नुसत्या जाहिराती उडत होत्या स्क्रीनवर.