वाचक विचारतात : पोर्तुगालच्या किनाऱ्यावर एक निवांत दिवस

उन्हाळी सुट्टीत लिस्बनला निघालेल्या नाशिककर कुटुंबांची पत्रं या महिन्यात बरीच आली. बहुतेकांना एकच हवं आहे : एक दिवस समुद्राकाठी घालवायचा आणि संध्याकाळी कुणी वैतागलेलं नको. त्यातल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मे महिन्याच्या शेवटी आम्ही चार दिवस लिस्बनला आहोत. आम्ही दोघं, दीर, ७२ वर्षांच्या सासूबाई आणि ५ व ११ वर्षांची मुलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. एजंटने समुद्राच्या दिवसासाठी व्हॅन सुचवली आहे : सिंत्राचा राजवाडा, काबो द रोका, गिंशो, कश्काइश आणि येताना बेलेम. नकाशावर सगळं जवळजवळ दिसतं. जमेल का?
— एक वाचिका, गंगापूर रोड

उत्तर : व्हॅन पाचही ठिकाणी पोहोचेल, पण सासूबाईंचा दिवस गाडीत चढण्या-उतरण्यातच जाईल. सिंत्रा या यादीतून आधी काढा. तिथल्या पेना राजवाड्याच्या तिकिटावर आत जायची वेळ छापलेली असते, ती चुकली की प्रवेश गेला. डोंगरातले रस्ते अरुंद आणि एकेरी आहेत, आणि फाटकापासून राजवाड्यापर्यंत पुन्हा चढ आहेच. त्याला वेगळा दिवस द्या. काबो द रोका हे युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक. सुमारे १४० मीटर उंचीचा कडा, खाली अटलांटिक. जागा देखणी आहे, पण वारा असा की साडीचा पदर सांभाळावा की मुलाचा हात, असा प्रश्न पडतो. तेही सिंत्राच्या दिवशीच करा. लिस्बनच्याच बेलेम भागाला अर्धा दिवस वेगळा लागतो, आणि तिथला जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो.

समुद्राच्या दिवसासाठी व्हॅन नको, लोकल पकडा. लिस्बनच्या काइश दो सोद्रे स्टेशनवरून कश्काइश या समुद्रकाठच्या गावाची गाडी सुटते. आपण नाशिकहून त्र्यंबकला जावं एवढंच अंतर, वेळ साधारण ४० मिनिटं. जाताना डाव्या बाजूच्या खिडक्या धरा. आधी तेजो नदी, मग नदीचं मुख, मग समुद्र, असं सगळं त्याच बाजूला दिसतं.

दिवस शनिवार-रविवार सोडून निवडा. मे महिन्यात पोर्तुगालचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, त्यामुळे मुलं पहिले दोन-तीन दिवस पहाटेच टक्क जागी होतात. त्याचा फायदा घेऊन साडेआठच्या सुमारास निघा. त्या वेळी ऑफिसची गर्दी लिस्बनकडे येत असते आणि तुम्ही उलट दिशेने जाता, म्हणून बसायला जागा मिळते.

कश्काइशच्या आधी एस्टोरिल आणि मोंत एस्टोरिल ही दोन स्टेशनं येतात. चालणाऱ्यांनी एस्टोरिलला उतरावं. स्टेशनच्या खालच्या वाटेने पलीकडे गेलं की लगेच समुद्र, आणि तिथून कश्काइशपर्यंत पाण्याला लागून फरसबंद पायवाट आहे. तिला तिथे पारेदांव म्हणतात. लांबी तीन किलोमीटरच्या आत, चढ जवळपास नाही, बाबागाडी सहज चालते. पाच वर्षांच्या मुलाला धरून, थांबत थांबत, एक तास पकडा. सासूबाई आणि एक मोठं माणूस मात्र त्याच गाडीत बसून राहू देत. पुढची दोन स्टेशनं पाच-सात मिनिटांची आहेत, आणि कश्काइश हे शेवटचं स्टेशन असल्याने पूल चढावा लागत नाही. मध्येच गाडी सोडून पुन्हा चढलं तर भाडंही पुन्हा पडतं.

कश्काइश स्टेशनपासून काही मिनिटांवर कॉन्सेसांव आणि दुकेझा हे एकमेकांना लागून असलेले वाळूचे किनारे आहेत. सगळ्यांनी तिथे भेटायचं. मुलांसाठी हेच बरे, गिंशो नाही. गिंशोचं तोंड पश्चिमेला आहे आणि उत्तरेचा वारा तिथे मोकळा सुटतो. शिडाच्या फळीवर लाटा कापणाऱ्यांना ती पर्वणी, पण वाळूत किल्ला बांधणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत सुया टोचतात. कश्काइशचा उपसागर दक्षिणेकडे उघडतो, त्यामुळे वाऱ्याचा जोर पुष्कळ तुटतो. तरीही दुपारनंतर तो वाढतोच. जमीन तापली की हा वारा, तिथली ‘नॉर्ताद’, जोर धरतो. म्हणून वाळू सकाळी आणि झाडाची सावली दुपारी, हा क्रम उलटा करू नका.

जेवायला साडेबाराला बसा. अनेक खानावळींची स्वयंपाकघरं तीनच्या सुमारास बंद होतात आणि मग थेट सात-साडेसातला उघडतात. अडीचपर्यंत जागा शोधत फिरणाऱ्या कुटुंबाला मग केक आणि कॉफीवर भागवावं लागतं. जेवण झालं की मारेशाल कार्मोना बागेत जा. मोठी झाडं, तळं, मुलांसाठी खेळणी, मोकळे फिरणारे मोर-कोंबडे. दीड-दोन तास तिथे काहीही करायचं नाही, हे ठरवूनच जा. बागेपासून बोका दो इन्फेर्नो, म्हणजे नरकाचं तोंड, सपाट रस्त्याने १५-२० मिनिटांवर आहे. सासूबाईंसाठी टॅक्सी करा. खडकाला भगदाड पडून झालेली ही घळ हिवाळी लाटांत गरजते, मे महिन्याच्या शांत दुपारी पाणी नुसतं आत-बाहेर करतं. तिथे वीस मिनिटं पुरेत.

परतीची गाडी साडेचारच्या आसपास पकडा. घाई नसेल तर थेट साडेसातनंतर निघा. त्या दिवसांत सूर्य पावणेनऊ-नऊला मावळतो, त्यामुळे उशीर झाला तरी अंधाराची भीती नाही. मधल्या वेळेत किनाऱ्यावरची सगळी माणसं ओल्या टॉवेलांसकट गाडीत शिरतात.

तिकिटाचं एक सांगायचं राहिलं. अर्ध्या युरोचं नवेगांते नावाचं कागदी कार्ड प्रत्येकाला वेगळं लागतं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. त्यात पैसे भरायचे, तिथे त्याला झॅपिंग म्हणतात, आणि आत जाताना व बाहेर पडताना दोन्ही वेळा टेकवायचं. एकेरी भाडं साधारण अडीच युरो. ज्या कार्डात झॅपिंग भरलं आहे त्यात सुटं तिकीट भरायला गेलात तर यंत्र नकार देतं. तिथे गोंधळू नका, दुसरं कार्ड घ्या. ४ ते १२ वर्षांची मुलं आणि ६५च्या पुढचे ज्येष्ठ यांना रेल्वेत निम्मं भाडं आहे. त्यासाठी पासपोर्ट घेऊन खिडकीवर जा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, आई अंडंही खात नाही. किनाऱ्यावर सगळीकडे मासळीच असणार. काय खायचं? इथून काय न्यायचं?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : पोर्तुगालचं मेन्यूकार्ड मराठी माणसाला वाटतं तितकं परकं नाही. बटाट्याला तिथे ‘बताता’ म्हणतात, पावाला ‘पांव’, कोबीवर्गीय भाजीला ‘कोव’, अननसाला ‘अनानाश’. हे शब्द आपल्याकडे आले तेच मुळी पोर्तुगीजांबरोबर. चहालासुद्धा ‘शा’ म्हणतात, फक्त मिळतो तो गरम पाणी आणि पुडी. दूध हवं तर ‘कों लेइत’ म्हणा.

नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. ‘मांस नको’ म्हटलं की पुष्कळदा ट्यूना किंवा सुका कॉड मासा समोर येतो. म्हणून तीन तुकडे पाठ करा : सें कार्न, सें पेइश, सें ओवु. मांस नको, मासा नको, अंडं नको. ‘सें’ म्हणजे ‘शिवाय’. हेच कागदावर लिहून वेटरला दाखवलं तर आणखी बरं.

फसवणारे पदार्थ लक्षात ठेवा. ‘काल्दो वेर्द’ हे हिरव्या पानांचं सूप दिसायला अगदी आपलं, पण त्यात सॉसेजची चकती तरंगते. ‘तोश्त मिश्त’ म्हणजे भाजलेलं सँडविच, त्यात चीजबरोबर हॅम असतं. ‘सो कों केइजु’, म्हणजे फक्त चीज घालून, असं सांगितलं की ते आईंनाही चालेल. ‘सोप द लेगुम्श’ हे वाटलेल्या भाज्यांचं सूप बहुतेक ठिकाणी मिळतं, तरी त्यात मांसाचं पाणी आहे का ते विचारा. आणि जगप्रसिद्ध पश्तेल द नाता : ती पिवळी साय म्हणजे अंड्याचा बलक. जुन्या मठांमध्ये अंड्याचा पांढरा भाग कपड्यांच्या खळीला जायचा आणि उरलेल्या बलकाची मिठाई व्हायची, म्हणून तिथल्या जवळपास प्रत्येक गोडात तो आहे. तांदळाच्या खिरीतही, म्हणजे ‘अरोश दोस’मध्ये, तो बऱ्याचदा घालतात. आईंनी फळांवर किंवा फळांच्या सॉर्बेवर थांबावं.

चीजबद्दल एक चांगली बातमी. आझेइतांव आणि सेरा द इश्त्रेला ही मेंढीच्या दुधाची दोन पारंपरिक चीजं रानटी काट्याच्या फुलांच्या विरजणाने जमवतात, प्राण्याच्या जठरातल्या रेनेटने नाही. मऊ असतात, पावाला लावून खायची.

टेबलावर न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह येतात. ते फुकट नाहीत. हात लावला नाही तर पैसे द्यावे लागत नाहीत. नको असेल तर लगेच परत पाठवा.

पण खरं सांगायचं तर या दिवशी हॉटेलपेक्षा बागेतलं जेवण उत्तम. सुपरमार्केटमध्ये शिजवलेले काबुली चणे काचेच्या बरणीत मिळतात, नाव ‘ग्रांव कुझीदु’. सहा जणांना दोन मोठ्या बरण्या, दहा-बारा पापु-सेकु म्हणजे कडक कवचाचे छोटे पाव, अर्धा किलो टोमॅटो, दोन कांदे, तीन लिंबं. चणे निथळून एकदा पाण्याखाली धुवा, कारण बरणीतलं पाणी खारट असतं, मग कांदा-टोमॅटो कापून घाला आणि घरून नेलेला चाट मसाला भुरभुरा. सुरी लिस्बनमध्येच घ्या. हातातल्या सामानात विमानात नेता येत नाही. नळाचं पाणी प्यायला चालतं, बाटल्या भरून न्या.

इथून कोरडं न्या : चिवडा, खाकरा, मेतकूट. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणायला प्रवाशांना बंदी आहे, म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या भुकटीला दोन किलोपर्यंत सूट आहे. ताज्या फळांना आणि पानांना तपासणीचा दाखला लागतो, त्यातून केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढेच सुटतात. द्राक्षं आणि कढीपत्ता पिशवीत असेल तर तिथल्या विमानतळावर टाकावा लागेल.

प्रश्न : मुलांना पोहता येतं. समुद्रात सोडायला हरकत नाही ना?
— एक वाचिका, इंदिरानगर

उत्तर : तरणतलावात पोहता येणं वेगळं. कोकणात पाणी कोमट असतं. लिस्बनच्या बाजूला मे महिन्यात ते साधारण १६-१७ अंश असतं आणि ऑगस्टमध्येही २०च्या आसपासच. उत्तरेचा वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि खोलातलं गार पाणी वर येतं, म्हणून भर उन्हातही ते हाडात शिरतं. मुलांना दहा मिनिटं पुरे. ओठ निळसर दिसले की लगेच बाहेर काढा, कोरडे कपडे घाला, डोकं पुसा. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि रात्री खांदे भाजल्यासारखे होतात, तेव्हा सनस्क्रीन दर दोन तासांनी लावा.

झेंडा बघितल्याशिवाय पाय भिजवू नका. हिरवा म्हणजे पोहा. पिवळा म्हणजे पाण्यात उभं राहायला हरकत नाही, पोहायचं नाही. लाल म्हणजे पाण्यात जायचंच नाही. निळा-पांढरा चौकड्यांचा झेंडा म्हणजे जीवरक्षक तात्पुरता जागेवर नाही. आणि झेंडाच नसेल तर तिथला हंगाम सुरू झालेला नाही असं समजा. तो प्रत्येक किनाऱ्यासाठी दरवर्षी ठरतो. सलवार-कुर्ता किंवा जीन्स घालून कमरेपर्यंत पाण्यात जाऊ नका, भिजलेलं सुती कापड लाटेबरोबर पाय ओढतं. मदतीसाठी फोन ११२.

दक्षिणेत आल्गार्व्हला जाणार असाल तर कड्याच्या सावलीत चटई टाकू नका. मातकट दगडाचे ते कडे सांगून कोसळत नाहीत. २००९च्या ऑगस्टमध्ये आल्बुफेइराजवळच्या मारिया लुईझा किनाऱ्यावर असाच कडा पडून पाच जण गेले. कड्याच्या उंचीच्या दीडपट तरी लांब बसा.

प्रश्न : गाडी भाड्याने घेतली तर जास्त मोकळेपणा मिळेल का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : कश्काइशसाठी नाही, पार्किंग शोधण्यातच सकाळ जाईल. लिस्बनच्या उत्तरेला नाझारे किंवा ओबिदुश या गावांना जायचं असेल तर घ्या. नाशिक आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष; मूळ परवाना सोबत हवाच. गाडी उजव्या बाजूने चालवायची आणि भाड्याच्या बहुतेक गाड्या गिअरच्या, त्यामुळे ऑटोमॅटिक हवी तर आधीच सांगा. १२ वर्षांखालच्या आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला बालआसन सक्तीचं आहे. काही महामार्गांवर टोलनाकाच नसतो, कॅमेरा नंबर टिपतो. गाडी घेताना टोलचं यंत्र बसवून घ्या, नाहीतर पैसे कुठे भरायचे हे शोधत बसाल.

प्रश्न : नाझारेच्या दहा मजली लाटा मे महिन्यात दिसतील का?
— एक विद्यार्थी, कॉलेज रोड

उत्तर : नाही. त्या ऑक्टोबर ते मार्चमध्ये येतात, अटलांटिकमधल्या हिवाळी वादळांतून. समोरच्या समुद्रतळात सुमारे पाच किलोमीटर खोल जाणारी दरी आहे. तिच्यातून आलेली लाट आणि उथळ तळावरून आलेली लाट प्रया दो नॉर्त किनाऱ्यापुढे एकमेकींवर चढतात. २०२०च्या २९ ऑक्टोबरला तिथे जर्मन सर्फर सेबास्टियन श्टॉयट्नर याने २६.२१ मीटरच्या लाटेवरून फळी नेली. मे महिन्यात तिथे जा ते १८८९पासून चालणाऱ्या रज्जूरेल्वेने वर सीतिओ या कड्यावरच्या वस्तीला जाऊन खालच्या चंद्रकोरी किनाऱ्याकडे बघण्यासाठी. लिस्बनहून बसला पावणेदोन ते दोन तास लागतात, तेव्हा आजी-आजोबा सोबत असतील तर तिथे मुक्कामच करा.