स्तनाच्या कॅन्सरसाठी एक डॉक्टर आधी ऑपरेशन म्हणतात, दुसरे आधी केमो. कोणाचं ऐकावं?

एवढ्यावरून दोघांपैकी कोणी चुकतंय असं धरू नका. गाठ लहान आणि हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे स्त्री-हार्मोनच्या जोरावर वाढणारी) असेल तर बहुतेक वेळा आधी ऑपरेशन करतात. गाठ मोठी असेल किंवा काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत आजार पोचला असेल, आणि त्यात तो हर-टू पॉझिटिव्ह (हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेला) किंवा ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनचे दोन्ही रिसेप्टर नसलेला आणि हर-टूही जास्त नसलेला) असेल, तर आधी केमोकडे कल असतो. केमोने गाठ किती विरघळली हे ऑपरेशनमध्ये काढलेला भाग तपासल्यावर कळतं आणि पुढचं औषध त्यावरून ठरतं. या दोन्हींच्या मधल्या केसेसमध्ये जाणकारांचंही एकमत नसतं. सेंट गॅलनच्या आंतरराष्ट्रीय स्तन-कॅन्सर परिषदेत तर अशा प्रश्नांवर तज्ज्ञ चक्क मतदान करतात.

म्हणून तिसरं एकट्याचं मत घेत बसू नका. ‘केस ट्यूमर बोर्डात ठेवाल का?’ असं सरळ विचारा. तिथे सर्जन, केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून निर्णय घेतात. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने 2012 मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्यातलं एखादं हॉस्पिटल जवळ आहे का, तेही बघा.

तिथे जाताना बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड्स (काढलेल्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने) मागून घ्या, नुसता रिपोर्ट नको. कधीकधी मतभेदाचं मूळ पॅथॉलॉजीत, म्हणजे त्या तुकड्याच्या तपासणीतच असतं. आणि बोर्डाचा निर्णय कारणांसह लेखी मागा. पेशंटला स्तन वाचवायचा आहे का, मूल हवं आहे का, हे त्यांना आधीच सांगा. यावरूनही निर्णय बदलतो.