गणितात तरी गुण बिनचूक असतात का?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. इतिहास तिचा सर्वात आवडता विषय. वार्षिक परीक्षेत पहिल्या महायुद्धाच्या कारणांवर ५ गुणांचा प्रश्न होता. तिला २ मिळाले, मैत्रिणीला ४. दोघींची उत्तरं घरी शेजारी ठेवून पाहिली, मुद्दे जवळजवळ तेच आहेत. तेव्हापासून ती म्हणते, ‘‘सरांच्या मर्जीवर गुण मिळणारे विषय मला नकोत. गणितात कसं, बरोबर तर बरोबर.’’ इतिहास सोडून विज्ञानाकडे जाण्याचं तिनं जवळपास ठरवलंय. तिच्या उत्तराचा फोटो सोबत पाठवते. तिला काय सांगू?

उत्तर : नमस्कार ताई.

तिची तक्रार खोटी नाही, हे तिला आधी सांगा. ‘‘तूच कमी लिहिलं असशील’’ असं म्हणून तिला गप्प करू नका. लांब उत्तराचे गुण कोण तपासतं, कधी तपासतं यावर बरेच हलतात. पण ‘गणितात बरोबर तर बरोबर’ हे तिचं गृहीतक कच्चं आहे, आणि सगळा निर्णय तिनं त्यावरच उभा केलाय.

१९१२ साली अमेरिकेत डॅनिअल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या संशोधकांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती काढून अनेक शाळांकडे तपासायला पाठवल्या. १४२ शिक्षकांचे गुण हाती आले. शंभरपैकी एका पेपरला ६४ पासून ९८ पर्यंत, दुसऱ्याला ५० पासून ९७ पर्यंत! भाषेच्या विषयात असं व्हायचंच, असं कुणीही म्हणेल. म्हणून पुढच्या फेरीत दोघांनी भूमितीचा पेपर पाठवला. फरक कमी होण्याऐवजी वाढला. त्याच एका पेपरला कुणी २८ दिले, तर कुणी नव्वदीच्या वर. उत्तर चुकलं पण रीत बरोबर आहे, तर किती द्यायचे? आकृती गिचमिड आहे, त्याचे कापायचे का? जो तो आपापल्या हिशेबानं चालला होता. आज पायऱ्यांना गुण ठरवून दिलेले असतात, त्यामुळे गणितातली तफावत पुष्कळ आटोक्यात येते. पण तसे नेमके निकष आधी ठरवले तर इतिहासातलीही येते. दोष विषयाचा कमी आणि तपासण्याच्या पद्धतीचा जास्त.

मी स्वतः बरीच वर्षं शाळेत शिकवलं. एकदा रात्री चाळीस पेपरांचा गठ्ठा संपवला आणि सहज म्हणून पहिले पाच पुन्हा उघडले. ज्या चुकीला सुरुवातीला एक गुण कापला होता, तीच चूक शेवटच्या दहा पेपरांत मी सोडून दिली होती. हुशार मुलाच्या पेपरनंतर हाती आलेला मध्यम पेपर उगाच वाईट वाटला होता, तेही दिसलं. त्यानंतर मी आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासायचो, मग गठ्ठा पिसून दुसरा घ्यायचो. नाव दिसू नये म्हणून पहिलं पान दुमडून ठेवायचो. वेळ जास्त जायचा. सगळ्या शिक्षकांना एवढी सवड मिळत नाही, हेही खरं.

आता तो फोटो. तुमच्या लेकीनं सुरुवात केलीय २८ जून १९१४ च्या सारायेव्होपासून, म्हणजे ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली त्या शहरापासून : वाट चुकलेला ड्रायव्हर, थबकलेली गाडी, समोर उभा तरुण. सहा ओळी. वाचताना मी प्रश्न विसरलो होतो! आणि राष्ट्रांचे गट, शस्त्रस्पर्धा, वसाहतींवरून चुरस, हे सगळं शेवटच्या दीड ओळीत कोंबलंय. प्रश्न तर कारणांचा होता. मैत्रिणीनं बहुधा एकेक कारण वेगळ्या ओळीत मांडलं असेल. दमलेला तपासनीस मुद्दा शोधतो, दिसला की टिक करतो. मी असतो तर ३ दिले असते. २ हा कंजूषपणा झाला, पण ४ मीही दिले नसते.

सरांकडे तिला एकटीला जाऊ द्या. पेपर न्यायच्या आधी बेरीज पाहा, एखादं उत्तर किंवा पुरवणी तपासायची राहिली नाही ना, तेही पाहा. या सरळ चुका आहेत, दुरुस्त करून मागायला संकोच कसला? मैत्रिणीचा पेपर मात्र मध्ये आणू नका. तिचे गुण कमी झाले तर मैत्रीही जाईल. ‘‘मला कमी का?’’ असं विचारलं की समोरचा आपली बाजू सांभाळू लागतो. तिनं विचारावं, ‘‘सर, या उत्तरात आणखी काय हवं होतं?’’ दोन गुणांची कारणं सरांना सांगता आली तर तिच्या कामाची, नाही सांगता आली तर तेही तिला कळेल.

राहिला विज्ञानाचा प्रश्न. ते आवडत असेल तर तिनं जरूर घ्यावं. पण माणसाच्या नजरेतून सुटायला म्हणून घेत असेल तर पहिल्याच वर्षी प्रयोगवही आणि तोंडी परीक्षा समोर येतील, आणि पुढे संशोधन केलं तर तिचा लेखही दुसरी माणसंच वाचून बरा-वाईट ठरवतील. तिला एवढंच विचारा : दोन्हीकडे सारखेच गुण मिळणार असतील, तर कोणतं पुस्तक आधी उघडशील? उत्तर लगेच मागू नका.

तोवर तेच उत्तर तिला दहा मिनिटांत पुन्हा लिहायला लावा. कारणं आधी, एकेका ओळीत. सारायेव्हो शेवटी, दोन ओळींत. त्या मूळच्या सहा ओळी मात्र फाडून टाकू नको म्हणावं, वहीत वेगळ्या लिहून ठेव. त्या गोष्टीचं पुढे काय झालं, ते मलाही तिच्याकडून वाचायचंय.