हॉटस्पॉट सुरू, पण नेट कुठे? : वाचकांचे प्रश्न, तंत्रज्ञांची उत्तरे

या वेळी आलेल्या प्रश्नांत मोबाइल हॉटस्पॉटच्या तक्रारीच सर्वाधिक आहेत. उत्तरांकडे वळण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा. हॉटस्पॉटमध्ये दोन स्वतंत्र दुवे असतात. टॉवरपासून फोनपर्यंतचा एक, आणि फोनपासून लॅपटॉपपर्यंतचा दुसरा. बिघाड यांपैकी कोणत्या दुव्यात आहे हे ठरवल्याशिवाय सेटिंगला हात लावला, तर चालू असलेलेही बंद पडते.

प्रश्न : लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडला जातो, पण वाय-फायच्या नावाखाली 'नो इंटरनेट' असे येते. फोनवर व्हॉट्सॲप नीट चालते. मग लॅपटॉपलाच नेट का मिळत नाही?
— एक वाचक, कराड

व्हॉट्सॲप चालते म्हणजे फोनचे नेट ठीक आहे, असे समजू नका. एक तर फोन घरच्या वाय-फायवर असू शकतो. दुसरे म्हणजे दिवसाचा डेटा संपल्यावर बहुतेक प्रीपेड पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगात १ एमबी उतरायला दोन मिनिटांहून अधिक लागतात. मजकुराचे निरोप तेवढ्यातही जातात, लॅपटॉपवरचे साधे पान मात्र उघडत नाही आणि विंडोज सरळ 'नो इंटरनेट' म्हणून मोकळे होते. म्हणून फोनचे वाय-फाय बंद करा, फक्त मोबाइल डेटा ठेवा आणि ब्राउझरमध्ये पूर्वी कधी न उघडलेले एखादे संकेतस्थळ उघडून पाहा. रखडले, तर कंपनीच्या ॲपमध्ये शिल्लक डेटा तपासा.

फोनवर पान झटकन उघडले, तर पहिला दुवा बरा आहे. आता फोनमधल्या तीन गोष्टी बघायच्या. अँड्रॉइडचा 'डेटा सेव्हर' चालू असेल तर तो बंद करा, कारण त्याच्यासह हॉटस्पॉट चालत नाही. व्हीपीएन ॲप (फोनचे नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारे) असेल तर तेही थांबवा. विशेषतः व्हीपीएनशिवायच्या जोडण्या अडवण्याचा पर्याय चालू असेल, तर फोनवर सारे आलबेल दिसते आणि लॅपटॉप उपाशी राहतो. तिसरे, 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये (डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा) जाहिराती रोखण्यासाठी कोणाचा पत्ता टाकून ठेवला असेल, तर तो काढून 'ऑटोमॅटिक' करा.

यानंतर लॅपटॉप. विंडोजमध्ये 'सेटिंग्ज', मग 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'वाय-फाय' उघडून जोडलेल्या नेटवर्कच्या गुणधर्मांत 'आयपीव्ही४ ॲड्रेस', म्हणजे लॅपटॉपचा त्या जाळ्यातला आकडी पत्ता, वाचा. खरे उत्तर बहुधा इथेच मिळते. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर फोनने लॅपटॉपला पत्ता दिलेलाच नाही. लॅपटॉपने स्वतःच्या मनाने एक घेतला आहे. अशा वेळी लॅपटॉपवर ते नेटवर्क 'फरगेट' करा, फोनचा हॉटस्पॉट बंद-चालू करा आणि पासवर्ड टाकून पुन्हा जोडा. पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा असेल (आयफोनवर १७२.२०.१०), तर पत्ता बरोबर मिळाला आहे.

मात्र त्याच पानावर 'आयपी असाइनमेंट' या ओळीपुढे 'मॅन्युअल' दिसत असेल, तर तो पत्ता फोनने दिलेला नसून कोणीतरी हाताने भरलेला आहे. कार्यालयातून आणलेल्या लॅपटॉपवर हे हमखास सापडते. तिथल्या जाळ्यासाठी भरलेला पत्ता हॉटस्पॉटवर निरुपयोगी ठरतो. 'ऑटोमॅटिक (डीएचसीपी)' निवडा. डीएनएसची ओळही 'ऑटोमॅटिक' करा.

एवढे करूनही काही पाने उघडतात आणि काही सुरक्षिततेचा इशारा देतात, असे होत असेल तर लॅपटॉपच्या कोपऱ्यातली तारीख पाहा. जुन्या लॅपटॉपमधला आतला छोटा सेल संपला की घड्याळ मागे पडते. मग ब्राउझरला संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे अवैध वाटू लागतात. दोष हॉटस्पॉटचा नसतो, पण शिव्या त्यालाच बसतात.

राहिला एपीएन, म्हणजे फोनने कंपनीच्या नेटला कोणत्या वाटेने जोडायचे ते सांगणारे नाव. आयफोनवर मोबाइल डेटाचा एपीएन आणि हॉटस्पॉटचा एपीएन हे वेगवेगळे रकाने असतात. वरचा भरलेला आणि 'पर्सनल हॉटस्पॉट'खालचा रिकामा, असे असले की फोनवर नेट येते, लॅपटॉपवर येत नाही; कधी कधी हॉटस्पॉटचा पर्यायच दिसेनासा होतो. 'मोबाइल डेटा'मधल्या 'मोबाइल डेटा नेटवर्क'मध्ये जाऊन दोन्हीकडे एकच नाव भरा : जिओसाठी जिओनेट (jionet), एअरटेलसाठी एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम (airtelgprs.com), बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट (bsnlnet). सगळी अक्षरे इंग्रजी लहान लिपीत, मध्ये जागा नाही. अँड्रॉइडवर एपीएनच्या पानात 'एपीएन टाइप' नावाची ओळ असते. तिथे आधी लिहिलेल्या शब्दांपुढे स्वल्पविराम देऊन 'डीयूएन' (dun, म्हणजे हा एपीएन हॉटस्पॉटसाठीही वापरायचा) ही तीन अक्षरे, तीही लहान लिपीत, जोडून पाहता येतात. ओळ बदलू देत नसेल, तर तीच माहिती भरून नवा एपीएन तयार करा. हा उपाय शेवटचा ठेवा. आधी जे होते त्याचे छायाचित्र काढून ठेवल्याशिवाय एपीएनला हात लावू नका.

प्रश्न : मुलीच्या नव्या फोनचा हॉटस्पॉट माझ्या जुन्या लॅपटॉपच्या यादीत दिसतच नाही. माझ्या फोनवर मात्र तो दिसतो आणि जोडलाही जातो.
— एक वाचिका, नाशिक

दुसऱ्या फोनवर दिसतो, म्हणजे हॉटस्पॉट चालू आहे. लॅपटॉपला त्याची लहर ऐकू येत नाही, एवढेच. नवे फोन बऱ्याचदा ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर हॉटस्पॉट चालवतात. जुन्या लॅपटॉपची वाय-फाय कार्डे, स्वस्त प्रिंटर, स्मार्ट बल्ब, काही कॅमेरे यांना केवळ २.४ गिगाहर्ट्झ समजते. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वाय-फायपुढे फक्त '८०२.११ बी/जी/एन' लिहिले असेल, तर तो बहुधा याच गटातला. 'ए' किंवा 'एसी' हेही असेल, तर ५ गिगाहर्ट्झ चालते.

अँड्रॉइडवर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'बँड' किंवा 'एपी बँड' असते, तिथे २.४ निवडा. काही फोनवर याच कामाला 'एक्स्टेंड कम्पॅटिबिलिटी' असे बटण असते. आयफोन १२ आणि त्यापुढच्या आयफोनवर 'पर्सनल हॉटस्पॉट'मध्ये 'मॅक्झिमाइज कम्पॅटिबिलिटी' चालू करा. वेग थोडा कमी होईल, पण लॅपटॉपला नाव दिसेल.

तरीही दिसत नसेल, किंवा नाव दिसते पण पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो, तर 'सिक्युरिटी' पाहा. 'डब्ल्यूपीए३' ही वाय-फाय सुरक्षेची नवी पद्धत जुन्या यंत्रांना झेपत नाही, 'डब्ल्यूपीए२-पर्सनल' करा. पासवर्ड मोकळा सोडण्याचा पर्याय तिथेच असतो. तो निवडू नका. तुमच्या सिमवरून दुसऱ्याने काय केले, याची चौकशी तुमच्याच नावावर येते.

आणि नाव! हॉटस्पॉटला मराठीत नाव, मध्ये हृदयाचे चित्र, किंवा आयफोन स्वतःहून टाकतो तसले तिरके ॲपॉस्ट्रॉफीचे चिन्ह (’) असेल, तर काही जुनी यंत्रे अडखळतात. साध्या इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता नाव द्या. आयफोनवर ते 'जनरल'मधल्या 'अबाउट'मध्ये बदलते. आयफोनबाबत आणखी एक : पहिल्यांदा जोडताना 'पर्सनल हॉटस्पॉट'चे पान उघडेच ठेवा. पान बंद करून फोन खिशात टाकला की थोड्याच वेळात तो आपले नाव जाहीर करणे थांबवतो.

प्रश्न : मीटिंग चालू असताना फोनवर कॉल आला की लॅपटॉपचे नेट तुटते. कॉल संपला की परत येते.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

बहुधा 'व्हीओएलटीई', म्हणजे ४जीवरूनच कॉल घेण्याची सोय, बंद आहे. ते बंद असले की कॉल घेण्यासाठी फोन ४जी सोडून खालच्या जाळ्यावर उतरतो. तो २जीवर उतरला, तर कॉल चालू असेतो डेटा थांबतो. सिमच्या सेटिंगमध्ये 'व्हीओएलटीई' किंवा '४जी कॉलिंग' चालू करा. आयफोनवर ते 'मोबाइल डेटा'मधल्या 'व्हॉइस अँड डेटा'त असते.

दोन सिमचा फोन असेल, तर प्रकार निराळा. डेटा पहिल्या सिमवर आणि कॉल दुसऱ्या सिमवर आला, की पुष्कळ फोनमध्ये पहिल्या सिमचा डेटा थांबतो, कारण दोन्ही सिमना रेडिओ एकच. अशा फोनमध्ये 'डेटा ड्युरिंग कॉल्स', 'ऑटो डेटा स्विचिंग', आयफोनवर 'अलाव मोबाइल डेटा स्विचिंग' असा पर्याय असतो. तो चालू केला, तर कॉलपुरता डेटा दुसऱ्या सिमवरून जातो. दुसऱ्या सिमवर डेटा पॅक नसेल, तर याचा उपयोग शून्य. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कॉल आणि डेटा एकाच सिमवर ठेवणे, निदान मीटिंगपुरते तरी.

प्रश्न : घरात फोनला एकच दांडी येते, पडवीत भरपूर रेंज असते. लॅपटॉप आतल्या खोलीत आहे. काय करता येईल?
— एक वाचक, सावंतवाडी

फोन पडवीत, लॅपटॉप आत. अशक्त होणारा दुवा टॉवरचा आहे, म्हणून फोनने रेंज असेल तिथेच राहावे. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा. चिऱ्याच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झची लहर २.४ पेक्षा लवकर क्षीण होते. फोन जमिनीवर न ठेवता खिडकीच्या वा कट्ट्याच्या उंचीवर ठेवा. पत्र्याच्या आडोशाला, लोखंडी गजांना टेकवून किंवा उन्हात नको. भिंतीऐवजी दाराच्या सरळ रेषेत ठेवता आला, तर आणखी बरे. दोन भिंती आड येत असतील आणि रोजचे काम असेल, तर सिम बसणारा वेगळा ४जी राउटर घेऊन तोच पडवीत ठेवावा; फोन दिवसभर अडकून पडत नाही.

प्रश्न : हॉटस्पॉट काही मिनिटांनी आपोआप बंद होतो.
— एक वाचक, ठाणे

जोडलेले कोणीच नसेल तर हॉटस्पॉट बंद करण्याचे सेटिंग अँड्रॉइडमध्ये आधीपासून चालू असते. 'टर्न ऑफ हॉटस्पॉट ऑटोमॅटिकली' या नावाने शोधा. लॅपटॉप झोपला की वाय-फाय सुटते, फोनला वाटते कोणी नाही, आणि तो बंद करतो.

लॅपटॉप जागा असतानाही बंद होत असेल, तर फोन हाताला लावून पाहा. डेटा, वाय-फाय आणि चार्जिंग एकाच वेळी चालले की फोन तापतो, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे स्वतःच हॉटस्पॉट थांबवतो. जाड कव्हर काढा, जलद चार्जरऐवजी साधा लावा, उशीवर वा गादीवर ठेवू नका. फ्रिजमध्ये ठेवून गार करण्याचा प्रकार तर मुळीच नको, आत दव धरते.

प्रश्न : रोजचे दीड जीबी लॅपटॉप जोडल्यावर अर्ध्या तासात संपते. मी फक्त ईमेल बघते.
— एक वाचिका, पुणे

तुम्ही ईमेल बघता, तेवढ्यात विंडोज आपली अद्यतने उतरवते आणि क्लाउडचे ॲप फोटो वर चढवते. लॅपटॉपच्या दृष्टीने हॉटस्पॉट म्हणजे घरचे अमर्याद वाय-फायच. म्हणून वाय-फायच्या गुणधर्मांत त्या नेटवर्कपुढे 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. बहुतेक अद्यतने मग थांबून राहतात. मॅकवर याच जागी 'लो डेटा मोड' असतो. क्लाउडचे ॲप वेगळे 'पॉज' करावे.

व्हिडिओचा हिशेबही माहीत असू द्या. एचडी चित्रपटाला तासाला सुमारे ३ जीबी लागतात. गटाच्या व्हिडिओ मीटिंगला तासाला १ जीबीच्या आसपास, आणि कॅमेरे एचडी असले तर दुपटीहूनही अधिक जाऊ शकते. स्वतःचा कॅमेरा बंद ठेवला की बराच वाचतो. शिवाय फोनवर 'कनेक्टेड डिव्हायसेस'ची यादी बघा. अनोळखी नाव असेल, तर पासवर्ड बदला.

प्रश्न : वाय-फायऐवजी केबलने नेट द्यायचे आहे, पण 'यूएसबी टेदरिंग' हा पर्याय फिका दिसतो.
— एक वाचक, पणजी

केबल बहुधा फक्त चार्जिंगची आहे. अशा केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, म्हणून फोनला संगणक जोडल्याचे कळतच नाही. फोनबरोबर आलेली केबल वापरा, ती थेट लॅपटॉपला लावा, मधला हब काढा. आयफोन विंडोजला जोडताना 'ॲपल डिव्हायसेस' किंवा आयट्यून्स बसवलेले हवे, आणि फोनवर येणाऱ्या प्रश्नाला 'ट्रस्ट' म्हणावे लागते. बऱ्याच अँड्रॉइड फोनचे यूएसबी टेदरिंग मॅकवर चालत नाही, तिथे वाय-फायच बरे.

प्रश्न : काहीच जमले नाही, तर फोन रीसेट करावा का?
— एक वाचक, लातूर

पूर्ण रीसेटची गरज नाही, 'नेटवर्क रीसेट' पुरतो. अँड्रॉइडवर तो 'सिस्टिम'मधल्या 'रीसेट ऑप्शन्स'मध्ये, सॅमसंगवर 'जनरल मॅनेजमेंट'मध्ये, आयफोनवर 'जनरल'मधल्या 'ट्रान्सफर ऑर रीसेट आयफोन'मध्ये असतो. फोटो आणि संपर्क जसेच्या तसे राहतात. वाय-फायचे साठवलेले सगळे पासवर्ड, ब्लूटूथच्या जोडण्या आणि हाताने भरलेले एपीएन मात्र जातात. ते आधी लिहून ठेवा. फोन कार्यालयाने दिलेला असेल आणि हॉटस्पॉटचे बटणच दाबले जात नसेल, तर रीसेटने काही होणार नाही. तिथे मनाई बहुधा कार्यालयाच्या आयटी विभागाने घातलेली असते, आणि ती तेच उठवू शकतात.