वाचकांचं टपाल : सोयाबीन ठेवावं का, खो-खो सोडावा का?

या महिन्यात एकवीस पत्रं आली, त्यातली नऊ एकट्या सोयाबीनची. एकतीस वर्षं शाळेत लेकरांना खेळ शिकवले आणि आता औशाकडं सहा एकर रान बघते. म्हणून मैदानाचे आणि मोंढ्याचे, दोन्हीकडचे प्रश्न माझ्याकडं येतात. मला ते आवडतं.

निलंगा तालुक्यातले एक शेतकरी : टीव्हीवर २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ सांगतात. मोंढ्यात आडत्यानं ओल १६ टक्के निघाली म्हणून ४१०० ला सौदा केला. अजून वीस कट्टे घरात आहेत. विकू का उन्हाळ्यापर्यंत ठेवू?

दादा, भावाचं नंतर बघू, आधी ओलीचा हिशेब करा. १६ ओल म्हणजे क्विंटलमागं ८४ किलो कोरडा माल. तोच माल १२ ओलीवर आणला तर त्याचं वजन साडेपंच्याण्णव किलोच्या आसपास भरतं. म्हणजे ओला माल ४१०० ला विकला काय आणि वाळवून ४२९५ ला विकला काय, हातात पैसे तेवढेच. त्याच्या वर जे मिळेल तेच तुमच्या वाळवणीचं आणि थांबण्याचं. हे गणित मी प्रत्येक सोयाबीनवाल्याला कागदावर करून देते, कारण पट्टीवरचा आकडा बघून माणूस हरखतो नाहीतर खचतो आणि वजन विसरतो.

हमीभाव केंद्रावर १२ पर्यंतच ओल चालते हे धरून चला. सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, आधार आणि पासबुक घेऊन आधी नाव नोंदवा. मुदत संपायला आली की रांग लागते. ५३२८ आणि वाळवलेल्या मालाचे ४२९५ यांच्यात हजारावर रुपयांचं अंतर आहे. चार दिवस उन्हात माल फिरवायला एवढं कारण पुरेसं आहे.

आता भाव का पडतो ते. सोयाबीन गिरणीत जातं. क्विंटलभर दाण्यातून साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड. मोंढ्यात तिला डीओसी म्हणतात. ही पेंड कोंबडीखाद्यात जाते, थोडी परदेशात जाते. मका आणि तांदळापासून इथेनॉल करताना जो चोथा उरतो तो स्वस्तात खाद्यात मिसळला जायला लागला, तशी आपल्या पेंडेची मागणी घटली. परदेशात ब्राझील आणि अर्जेंटिनाची पेंड आपल्यापेक्षा स्वस्त पडते. तेलाचं पाहिलं तर देशाच्या गरजेतलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरूनच येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झालं, ३० मे २०२५ ला ते १० वर आणलं. म्हणून भाव बघताना डीओसीचा दर आणि तेलाचं शुल्क या दोन बातम्या आधी वाचा.

ठेवण्याबद्दल माझ्या घरचं सांगते. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन १०,००० च्या पुढं गेलेलं आम्ही डोळ्यांनी बघितलं. तो आकडा मनातून जाईना. पुढच्या उन्हाळ्यात ७००० च्या वर भाव होता तरी तीस कट्टे ठेवले, आणि दिवाळीनंतर पाच हजारांच्या आसपास विकले. त्या पैशातून धाकटीच्या वसतिगृहाची फी भरायची होती, ती व्याजानं काढून भरली. तेव्हापासून ज्या मालावर घरातलं कुठलं तरी देणं अवलंबून आहे तो मी ठेवत नाही. तुमच्या वीस कट्ट्यांतून आधी देण्यापुरते काढा. उरलेल्यांसाठी बाजार समितीत शेतमाल तारण योजनेची चौकशी करा. गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी मिळते. उन्हाळ्यात भाव चढेलच असा शब्द मी देणार नाही.

आणि एक कट्टा बियाण्याला बाजूला ठेवा, पण आपटू नका, सोयाबीनचं साल फार पातळ असतं. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळा. सत्तर उगवले तर ते बियाणं चांगलं.

परळीहून दहावीतला विद्यार्थी : अविनाश साबळे पळतो त्या शर्यतीत पाण्याचा खड्डा कशासाठी असतो?

बेटा, ही स्टीपलचेस शर्यत इंग्लंडच्या खेड्यांतली. एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या मनोऱ्यापर्यंत, वाटेतले ओढे आणि कुंपणं ओलांडत पळायचं. त्याचीच आठवण मैदानावर राहिली. ३००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि सात वेळा पाणी. अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच, आणि धक्का लागला तरी पडत नाही, पडतो तो धावणारा. खड्डा अडथळ्याजवळ खोल आणि पुढं उथळ होत जातो, म्हणून जो लांब उडी टाकतो त्याचे पाय कमी भिजतात. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या या पोरानं २०२२ ला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य घेतलं, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. आष्टी दुष्काळी तालुका. तिथला मुलगा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घेताना दिसला की माझा ऊर भरून येतो.

लातूरला नव्यानं नांदायला आलेली सून (माहेर पुणे) : येळवसला सासरचे सगळे रानात जातात. मला यातलं काही माहीत नाही. आणि भज्जी म्हणजे भजी का?

नाही ग पोरी! भज्जी ही दाटसर पातळभाजी असते. ओले हरभरे, तुरीचे दाणे, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, चुका, चिंच, जे रानात आलं असेल ते, आणि त्याला बेसन लावायचं. मोठ्या पातेल्यातच करायची, चार माणसांची भज्जी जमत नाही. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली आंबील. आंबील दोन दिवस आधी घालायला लागते, म्हणून सासूबाईंच्या मागं आतापासून राहा.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. रानात कडब्याची खोप करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. पूजा झाली की पिकावर आंबील शिंपडतात. संध्याकाळी वाळल्या गवताचा पेटता हेंडगा घेऊन पोरं शेताभोवती फिरतात. सीमेपलीकडं बिदर, कलबुर्गीकडं याच दिवसाला एळ्ळ अमावस्या म्हणतात. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. आपली येळवस त्या शब्दातूनच आली असावी असं मला पटतं.

त्या दिवशी दुपारी लातूरच्या रस्त्यांवर माणूस दिसत नाही. ज्यांना रान नाही त्यांना शेजारी आग्रहानं नेतात. एक वर्षी माझ्या शाळेतल्या शिपायांच्या घरची दहा माणसं आमच्या खोपीपाशी जेवायला होती. कोणाला बोलावलं नाही असं तुझ्याकडून होऊ देऊ नको.

जालन्याच्या वाचक ताई : हातमागाची पैठणी कशी ओळखायची?

पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीत मोर, मुनिया, कमळ दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं, मागं लोंबते धागे नसतात. धागे कापलेले दिसले की ती यंत्राची. पैठणला माग चालू असताना एकदा जाऊन बसा, पदराची एक वीत विणायला किती वेळ जातो ते बघितलं की भाव करताना जीभ आवरते.

परभणीहून एक मुलगा, वय १९ : नाटकात काम करायचंय. घरचे म्हणतात आधी पदवी घे. मुंबईला निघून जाऊ का?

घरच्यांचं ऐक, आणि पदवी नाटकाचीच घे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्यानं बावन्न पात्रं उभी करणारे लक्ष्मण देशपांडे तिथंच शिकवत होते. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झालेले वामन केंद्रे बीड जिल्ह्यातल्या खेड्यातले. मुंबई कुठं पळून जात नाही. राज्य नाट्य स्पर्धेत एखाद्या संघासोबत आधी पडदा ओढायचं काम कर.

कळंबहून नववीतली मुलगी : मी खो-खो खेळते. दादा म्हणतो यात पैसा नाही, क्रिकेट खेळ नाहीतर अभ्यास कर. मी सोडून देऊ का?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू धाराशिव जिल्ह्यातली आहेस आणि हा प्रश्न विचारतेस! सारिका काळे तुझ्याच जिल्ह्याची. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेणाऱ्या भारतीय संघाची ती कर्णधार होती आणि २०२० ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० नं हरवलं, कर्णधार होती प्रियांका इंगळे. मुलांनीही तोच चषक जिंकला, तेही महाराष्ट्राच्याच प्रतीक वाईकरच्या नेतृत्वाखाली. २०२२ ला व्यावसायिक लीगही सुरू झाली.

दादाचं एक बरोबर आहे, क्रिकेटएवढा पैसा इथं नाही. पण त्याला हेही सांग की राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी पदकाचं प्रमाणपत्र नीट पडताळून घ्यावं लागतं. शाळेत मिळालेलं प्रत्येक प्रमाणपत्र आजपासून एका फाईलला लाव. माझ्या हाताखालच्या दोन मुलींची कागदं वेळेवर सापडली नाहीत, ते मला अजून लागतं.

अभ्यास सोडायचा नाही, खेळही सोडायचा नाही. सकाळी एक तास पुरतो. खांबावर सूर मारताना तुझा कोणता पाय मागं राहतो ते मैत्रिणीला बघायला सांग. संरक्षणाला उतरलीस की कोणाला तरी घड्याळ धरायला लाव आणि रोज किती वेळ टिकलीस ते वहीत लिही. महिनाभराची ती पानं मला पाठव, मी वाट बघते.