जुने हवाई फोटो वर्गात नेण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझा प्रात्यक्षिकांचा आराखडा वाचला. बाकी उत्तम, फक्त एक गोष्ट खटकली. पहिल्याच तासाला जुना हवाई फोटो आणि आजचं उपग्रहचित्र शेजारी ठेवून तू 'काय बदललं?' विचारणार आहेस. तो प्रश्न पुढच्या आठवड्यावर ढकल. आधी मुलांना एकाच फोटोशी झटापट करू दे.

ठिकाण आणि साल झाकून फोटो हातात दे. सावल्या आपल्याकडे पडतील असा धरायला सांग, नाहीतर टेकडीच्या जागी खड्डा दिसतो. कृष्णधवल फोटोत पाणी काळंच असणार, असं मुलं धरून चालतात. मग ऊन चकाकून पांढरंफेक झालेलं तळं त्यांना वाळूचं मैदान वाटतं. लगेच दुरुस्त करू नकोस. 'कशावरून?' एवढंच विचारत राहा. काठाची रेषा, तळ्याला येऊन मिळणारा ओढा त्यांचा त्यांना सापडतो.

मग गणित. लेन्सचं नाभीय अंतर (कॅमेऱ्यात लेन्सपासून फिल्मपर्यंतचं अंतर) भागिले विमानाची जमिनीपासूनची उंची, म्हणजे फोटोचं प्रमाण. १५२ मिलिमीटरची लेन्स आणि ३,०४० मीटर उंची असेल, तर १:२०,०००. फोटोवरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे २०० मीटर. इथवर सगळे खुशीत असतात. पण हे प्रमाण सपाट जमिनीपुरतं! त्याच फोटोत १९० मीटर उंच टेकडीचा माथा मध्यबिंदूपासून ८ सेंटिमीटरवर दिसत असेल, तर तो ८ × १९० ÷ ३,०४०, म्हणजे अर्धा सेंटिमीटर बाहेर सरकलेला असतो. जमिनीवर ते झाले तब्बल १०० मीटर. फोटो नकाशावर ठेवला की 'डोंगरकडा १०० मीटर सरकला' असा निष्कर्ष कुणीतरी काढणारच. काढू दे, आणि मग हे सूत्र फळ्यावर मांड. माझ्या मते अख्ख्या सत्रातला हा सगळ्यांत मोलाचा तास. त्यासाठी सॉफ्टवेअरचा एखादा धडा गाळावा लागला तरी हरकत नाही.

लागोपाठच्या फोटोंमध्ये साधारण ६० टक्के भाग सामाईक ठेवतात, म्हणून अशी जोडी स्टिरिओस्कोपखाली (दोन डोळ्यांना दोन वेगळे फोटो दाखवणाऱ्या भिंगांच्या साधनाखाली) ठेवली की जमीन उठून दिसते. (काहींच्या डोळ्यांना ती दिसतच नाही. त्यांना ताणू नकोस, मोजमापाचं काम दे.)

तुलनेकडे आलास की तारखेबरोबर वेळही विचार. ओहोटीचा फोटो भरतीच्या फोटोशेजारी ठेवला, तर किनारा आपोआप 'बुडतो'. पृथ्वीची चित्रं घेणारा पहिला लँडसॅट उपग्रह १९७२चा, अमेरिकेच्या कोरोना या हेर-उपग्रहांची चित्रं १९६०पासूनची. त्यामागचं बघायचं तर विमानातून काढलेल्या फोटोंवाचून फारसा पर्याय नाही. त्यामुळे एवढी काळजी घ्यावीच लागते.

आणि हो, स्कॅन समासासकट कर. मध्यबिंदू काढायच्या खुणा कडेलाच असतात. बऱ्याच फोटोंत घड्याळ आणि उंचीमापकही तिथेच छापलेलं असतं. तू पाठवलेल्या नमुन्यात कडा कापलेल्या आहेत, तेवढा बदलून घे.