आजोबांच्या पेट्या अभिलेखागाराला देण्याआधी कागद विषयवार लावावेत का?

नका लावू. आजोबा नाटकमंडळीत होते, त्यांच्या तीन पेट्या आहेत, आणि देण्याआधी पत्रं, फोटो, जाहिरातीची पत्रकं वेगवेगळी करायचा बेत आहे, असं तुम्ही लिहिलंय. हा उद्योग मी एकदा करून बसलोय.

नात्यातल्या एका घरचं बाड माझ्याकडे आलं तेव्हा दोन रविवार बसून मी सगळं तारीखवार लावलं. फार नेटकं दिसत होतं. नंतर ध्यानात आलं की एका सुतळीत काही पत्रं, दोन पावत्या आणि एक बिनसहीची कविता एकत्र बांधलेली होती. पत्रं कुणाची ते कळतं, कविता कुणाची ते कळायला ती सुतळी हवी होती. ती मी केरात टाकली.

कुठला कागद कुठल्या कागदाला लागून होता, हीसुद्धा माहितीच असते. एका घराण्याचे किंवा एका कचेरीचे कागद दुसऱ्यांच्या कागदांत मिसळू नयेत, असं फ्रान्समध्ये १८४१ साली सरकारी परिपत्रकानेच ठरवलं. गंमत म्हणजे त्या एका घराण्याच्या कागदांच्या आत विषयवार लावायला त्यांची हरकत नव्हती! आतली मूळ मांडणीच आधार धरायची, हा नियम तिघा डच अभिलेखपालांनी १८९८ च्या आपल्या पुस्तकात घालून दिला. आज बहुतेक अभिलेखागारं तोच पाळतात.

तेव्हा पेटी उघडली की काही हलवायच्या आधी मोबाइलवर थरांचे फोटो काढा. पाकिटातलं पाकिटातच राहू द्या. पेटीतल्या जुन्या फोटोंतली माणसं ओळखणारं कुणी वडीलधारं असेल तर नावं आजच विचारून घ्या. नावं फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेन नको. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर नकोच. एके काळी मोठमोठ्या अभिलेखागारांनी हौसेने कागद लॅमिनेट केले, आता ते सोडवता सोडवता त्यांच्या नाकी नऊ येतात.

आणि स्वतः निवड करू नका. घरचे लोक नामवंताची सही असलेला फोटो जपतात आणि खर्डेवही, म्हणजे जमाखर्चाची कच्ची वही, रद्दीत घालतात. माझ्या मते नाटकाच्या बाबतीत खर्डेवहीच जास्त मोलाची. कुणाला किती बिदागी दिली, कुठल्या गावी प्रयोग पडला, हार्मोनियम वाजवणारा मध्येच का बदलला, हे सहीच्या फोटोत नसतं. स्कॅन जरूर करा, पण स्कॅन झालं म्हणून मूळ कागद टाकू नका.

देताना लेखी करार करा. आजोबांना आलेली पत्रं कागद म्हणून तुमची, पण त्यांतल्या मजकुराचा हक्क साधारणपणे लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. घरगुती भांडणाची पत्रं असतील तर ती अमुक वर्षं बंद ठेवा अशी अट घालता येते. जाळून टाकण्यापेक्षा ते बरं.

पेटीच्या तळाला वर्तमानपत्र अंथरलेलं असेल तर ते काढा, त्यातल्या आम्लाने शेजारचे कागद डागाळतात. पण काढण्याआधी त्याची तारीख टिपून ठेवा. पेटी कधी भरली, याचा अंदाज बऱ्याचदा तिथूनच लागतो.